मिठाच्या पाण्याऐवजी

किलव्हारा, काउंटी लीट्रिम
मंगळवार, ९ सप्टेंबर २००३

कन्सेप्टा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते चुकून राहिलेलं नाही. इकडे सगळे बरे आहेत, तिकडेही सगळे बरे असतील अशी आशा करते. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

पुढच्या महिन्यात वाडीची मिस्सा फिरत फिरत तुझ्या घरी येणार, फादर तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा करणार, आणि नंतरच्या न्याहारीला मी, तुझा भाऊ मॅलकी आणि आमची एथ्ना, तिघांनी यावं, असं तू लिहिलंयस. मिस्सेसाठी घराला रंग काढलास आणि दारं निळी केलीस हे मला तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. निळा जरा भडकच झालाय असं पोस्टातली बाई म्हणत होती. मी तिकिटं घेतली आणि हसले.

सहा वर्षांपूर्वी ती मिस्सा माझ्या घरी होती, आठवतं? आठवत असणारच. बारा घरांच्या वाडीत माझं नि तुझं सोडून मी दहाच्या दहा घरांना बोलावलं होतं. फादरनी विचारलं, "कन्सेप्टा दिसत नाही ती?" मी म्हटलं, "तिला बरं वाटत नाहीये, फादर." त्याच वेळी तू आमच्या कुंपणापलीकडे गुरं हाकत होतीस, धडधाकट, लाल रुमाल बांधून, आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला खिडकीतून दिसत होतीस. मी फादरना आणखी एक अंडं वाढलं.

त्या दिवशी मला फार समाधान वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

तुझ्या आईच्या दफनाच्या वेळी मी देवळात पहिल्या बाकावर माझ्या बहिणींना असं बसवलं, की तुला जागाच उरू नये. तू चौथ्या बाकावर बसलीस, डेअरीवाल्यांच्या शेजारी. आई तुझी होती, मला माहीत होतं. दर रविवारी मिस्सेत शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ येते, तेव्हा मी नेमकी पिशवीत रुमाल शोधते. नऊ वर्षांत मला एकदाही सर्दी झालेली नाही. आणि मुलं तुला 'विहीरवाली' म्हणतात, ते नाव आपोआप पडलं असं तुला वाटत असेल. नावं आपोआप पडत नाहीत. ते मी ठेवलं, शाळेच्या स्वयंपाकघरात, कोबी चिरता चिरता, आणि दुपारपर्यंत ते गावभर झालं.

दर नाताळला तू एथ्नाला स्वेटर पाठवतेस आणि दर नाताळला मी तो परत पाठवते. एक गोष्ट मात्र मला अजून उलगडलेली नाही. माप दरवर्षी अचूक असतं. पोर वीतभर वाढली तरी बाह्या बरोबर येतात. तुला माप कोण देतं ते मी मॅलकीला विचारलं, तर तो म्हणाला, "ती तुला दिसत नाही म्हणून तिला तुम्ही दिसत नाही असं थोडंच आहे?" तो तुझाच भाऊ. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

आता तू काय केलंस ते एकदा कागदावर उतरवून ठेवते, म्हणजे मिस्सेचं निमंत्रण पुन्हा पाठवावंसं वाटलं तर तुला वाचता येईल.

एथ्ना पाच वर्षांची होती. जन्मल्यापासून तिच्या छातीतला कफ सरसासारखा घट्ट. तो पातळ करून दिवसातून दोनदा बाहेर काढावा लागतो, नाहीतर तिथेच कुजतो. मी शाळेत सकाळची पाळी करायचे म्हणून तू तिच्यापाशी यायचीस. तुझं काम एवढंसं. नेब्युलायझरच्या पेल्यात मिठाच्या पाण्याची कुपी रिकामी करायची, मशीन चालू करायचं, नळी तिच्या तोंडात द्यायची, फवारा संपला की पाठ थोपटायची. कुपीतलं पाणी जंतू मारलेलं, सीलबंद, डब्लिनच्या इस्पितळातून आलेलं. डोक्याला काही काम नव्हतं. म्हणूनच तुला सांगितलं होतं.

आणि तू काय केलंस? कुपी मोरीत ओतलीस. मेरीमातेच्या आकाराची ती प्लास्टिकची बाटली काढलीस, तिच्या डोक्यावरचा निळा मुकुट फिरवून उघडलास, आणि संतिणीच्या विहिरीचं पाणी माझ्या पोरीच्या पेल्यात ओतलंस. तीन वेळा नमो मरिया म्हणालीस. तिसऱ्या वेळी तिच्या केसांवर हात ठेवलास. मग मशीनचं बटण दाबलंस. नऊ दिवस, एकही सकाळ न चुकवता, अख्खी नोव्हेना. जिचं पाणी वाहून जातं तिथे गुरं तोंड घालतात, जिच्या काठच्या झुडपाला लोक आजाऱ्यांच्या चिंध्या बांधतात, तिचं पाणी तू बारीक फवारा करून तिच्या फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचवलंस. कपाळाला लावलं असतंस तर मी स्वतः आमेन म्हटलं असतं.

तीन आठवड्यांनी कफ हिरवा झाला. डब्लिनला नेलं. ओल्या जागी, साचलेल्या पाण्यात राहणारा जंतू निघाला, आणि या आजारात तो एकदा छातीत मुरला की सहसा जात नाही. एकवीस दिवस सुया. नळकांड्यात फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद मोजतात. ती आधी चौऱ्याऐंशी टक्के होती, ती पंचावन्न झाली. तू दारात येऊन उभी राहिलीस, हातात फळं घेऊन. मी काय बोलले ते सगळ्या वॉर्डनं ऐकलं. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

आता ऐक. एथ्ना चौदा वर्षांची आहे आणि उत्तम आहे. कफ फोडणारं एक औषध फ्रिजमध्ये असतं, ते रोज सकाळी. शिवाय गेल्या वर्षी डॉक्टरांनी नवं औषध दिलं, तेही मशीनमधूनच श्वासानं ओढायचं, दिवसातून दोनदा, एक महिना घ्यायचं आणि एक महिना थांबायचं. तो जंतू मरत नाही, पण दबून राहतो. जूनमध्ये तिनं फुंकलं तेव्हा आकडा एकाहत्तर आला. नर्सनं दुसऱ्यांदा फुंकायला लावलं, तिला वाटलं यंत्र बिघडलंय. पुन्हा एकाहत्तर. मे महिन्यात शाळेच्या कमोगीच्या सामन्यात ती शेवटची वीस मिनिटं काठी घेऊन धावली. गोल केला नाही, पण एका पोरीला असं पाडलं की पंचांनी तिचं नाव लिहून घेतलं. तू ते पाहिलं नाहीस. मी तुला पाहू दिलं नाही. मैदानाच्या फाटकाशी तुझी गाडी दिसली तेव्हा मी जाऊन फाटकाला टेकून उभी राहिले होते, तू निघून जाईपर्यंत.

तर मिस्सेला आम्ही येणार नाही. माझ्याशिवाय वाडीतलं कोण कोण येतं ते बघ.

गुरुवार

हे पत्र मंगळवारीच पेटीत पडायचं होतं. पाकीटही लिहून झालं होतं.

मॅलकी चहाला आला तेव्हा म्हणाला, "कोणाला लिहितेस?"

"तुझ्या बहिणीला."

"काय म्हणतेस?"

"नाही म्हणतेय."

"नाही म्हणायला चार पानं लागतात?" म्हणाला, आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेला.

मी पानं पुन्हा वाचली. ताकाला आले आणि भांडं पाठीमागे धरून उभी आहे, अशी माझी गत आहे. ज्यासाठी लिहायला बसले ते चार पानांत कुठेच नाही. आता लिहिते, आणि एका दमात लिहिते, नाहीतर पाचवं पानही तुला शिव्या देण्यात जाईल.

माझ्या डाव्या स्तनात गाठ आहे. साधी नाही. बावीस तारखेला डब्लिनला ऑपरेशन, आणि मग सहा आठवडे तिथेच राहून किरणांचा उपचार. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. मिस्सेला मी येणार नाही याचं खरं कारण हे. मॅलकीला माहीत आहे. एथ्नाला फक्त एवढंच माहीत आहे की ऑपरेशन आहे आणि मला रुग्णालयातला चहा आवडत नाही.

एथ्नाची सकाळ-संध्याकाळ कोणी करायची?

मॅलकी पहाटे पाचला दुधाचा ट्रक घेऊन निघतो. संध्याकाळी घरी असतो, पण त्याला पेला उकळायला सांगितलं तर तो अंड्यांबरोबर उकळेल. माझी बहीण बॉस्टनला. दुसरी तिच्या सुनेकडे अडकलेली. सरकारी नर्स आठवड्यातून दोनदा येईल, त्याहून जास्त नाही. शेजारची मॉड हौसेनं तयार झाली होती. मी तिला एकदा समोर बसून करायला सांगितलं. तिनं धुतलेला पेला ताटं पुसायच्या फडक्यानं कोरडा केला. "स्वच्छच आहे गं," म्हणाली, "सकाळीच काढलाय." मी तिला चहा दिला आणि घरी पाठवलं.

तू म्हणशील, चौदा वर्षांची घोडी झाली, स्वतःचं स्वतः करेल. तुझ्या भाचीला तू ओळखत नाहीस. त्याला मीच जबाबदार आहे, पण ओळखत नाहीस. परवा मी खालून ऐकते तर मशीन गुरगुरतंय, अगदी वेळेवर. वर गेले. मशीन टेबलावर, नळी उशीवर, औषधाचा फवारा सरळ छताला, आणि ही खिडकीत बसून मासिक चाळतेय.

मी म्हटलं, "हे काय?"

"छताला खोकला झालाय," म्हणाली.

हसू नकोस. मलाही आलं होतं, मी दाबलं. त्या एकाहत्तरमधला प्रत्येक टक्का मी तिच्यासमोर खुर्ची टाकून, नळी तिच्या ओठांत राहते की नाही ते बघत मिळवला आहे. सहा-सात आठवडे छताला औषध दिलं तर मी परत येईन तेव्हा तो आकडा काय असेल, याचा विचार मला गाठीपेक्षा जास्त छळतो. डॉक्टर म्हणाले, या वयात गेलेलं सहसा पूर्ण परत येत नाही.

म्हणून मी माणसांची यादी केली. एकेक नाव खोडत गेले. शेवटी तुझं उरलं, आणि ते खोडायला मी पेन उचललं, तर खोडता येईना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वाडीत, या परगण्यात, एक थेंबही इकडचा तिकडे होऊ देणार नाही असं एकच माणूस आहे. मॉड विसरेल, मॅलकी विसरेल, मीही एखाद्या दिवशी कंटाळेन. तू मरेपर्यंत विसरणार नाहीस. ती व्यवस्था मी नऊ वर्षं जातीनं केली आहे.

आता एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय तुला माझ्या घराची किल्ली देता येत नाही, आणि सांगितल्यावर तू ती घेशील की नाही मला माहीत नाही.

वर मंगळवारच्या पानावर मी लिहिलं, की तू तीन वेळा नमो मरिया म्हणालीस आणि तिसऱ्या वेळी तिच्या केसांवर हात ठेवलास. इस्पितळात तू रडत रडत पाण्याचं कबूल केलंस, पण हे कधी कोणाला सांगितलं नाहीस. एथ्ना पाच वर्षांची होती, तिला आठवत नाही. मग मला कसं ठाऊक?

तिसऱ्या दिवशी शाळेतली शेगडी बंद पडली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी मागच्या दारानं आले. हातात बटाट्यांची पिशवी होती. तू पाठमोरी होतीस. मी कुपी मोरीत जाताना पाहिली, मुकुट फिरताना पाहिला, "आज तिसरा दिवस, माते," हे आणि तिन्ही नमो मरिया ऐकल्या, केसांवरचा हात पाहिला. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, कन्सेप्टा. देवाशपथ उघडलं होतं. मग मनात आलं, आज तिसरा, अजून सहाच राहिलेत. मोडलेली नोव्हेना फळत नाही, हे माझ्या आईनं मला चालायच्या आधी शिकवलं होतं. मी पिशवीचा आवाज होऊ न देता मागे फिरले, गोठ्याला वळसा घालून पुढच्या दारानं आले आणि मोठ्यानं म्हटलं, "कोणी आहे का घरात?"

चौथ्या दिवशी मी तुझ्या हाती पोर देऊन कामाला गेले. पाचव्या, सहाव्यालाही. सगळं माहीत असून. डॉक्टरांनी पेल्याबद्दल मला काय काय बजावलं होतं तेही माहीत असून. तुला तर कोणी धड समजावलंच नव्हतं; मी फक्त "हे ओत आणि बटण दाब" म्हणाले होते. आपल्या दोघींत शहाणी कोण होती?

नवव्या दिवशी दुपारपर्यंत तिला एकदाही खोकला आला नाही. मी तुझ्यावर इतकी खूश झाले की अर्धा केक कापून तुला बांधून दिला. तू बघतच राहिलीस. वहिनीला आज झालंय तरी काय, असं तुझ्या चेहऱ्यावर होतं.

मग कफ हिरवा झाला. डब्लिनला डॉक्टरांनी विचारलं, "मशीनमध्ये पाणी कुठलं घालता?" आणि माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. ते बाहेर पडलं आणि मला श्वास घेता आला. तेव्हापासून जेव्हा जेव्हा छातीवर दडपण आलं, तेव्हा तेव्हा मी तुझं नाव घेतलं, पोस्टात, शाळेत, देवळाच्या पायरीवर. मला त्याचा उतार पडायचा. तुझ्यावर मी उगवलेला सगळा सूड खरा होता, कमी धरू नकोस. फक्त अर्धा दुसऱ्या कोणाच्या वाट्याचा होता.

आणखी एक, म्हणजे सगळं संपलं. डॉक्टरांनी शेवटी असंही सांगितलं होतं, की जंतू त्या पाण्यातूनच आला हे खात्रीनं सांगता येणार नाही. या मुलांना तो कुठूनही लागू शकतो, अंघोळीच्या नळातून, ओल्या गवतातून. ते वाक्य मी घरी आणलंच नाही. मॅलकीलाही सांगितलं नाही. तुझ्या उपयोगी पडलं असतं म्हणून.

आता कामाचं. फ्रिजमधलं औषध सकाळी उठल्याबरोबर, मग पाठ आणि बरगड्या वीस मिनिटं, मग दुसरं औषध. दोन्ही एका पेल्यात मिसळायची नाहीत. संध्याकाळी पुन्हा दुसरं औषध, दोन वेळांत बारा तासांचं अंतर. दर वेळी पेला सुटा करून गरम साबणाच्या पाण्यात धुवायचा, उकळायचा, कागदी रुमालावर उघडा वाळवायचा. हा महिना औषधाचा आहे, ऑक्टोबरच्या पाचला थांबायचं, तारखा भिंतीवर लिहिल्या आहेत. ती म्हणेल, आई मला दहाच मिनिटं बसवते. खोटं बोलते. ती तुला 'विहीरवाली' म्हणेल. तेही मीच शिकवलंय. दोन दिवस ऐकून घे, तिसऱ्या दिवशी कानफटात मार, माझी परवानगी आहे.

क्षमा मी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग मला आयुष्यभर तुझ्या उपकाराखाली राहावं लागेल. त्यापेक्षा हे पत्र ठेव. माझं अक्षर, माझी सही. मी परत आले तर एथ्नाला हे सगळं मी स्वतः सांगेन, आणि त्यानंतर ती माझ्याशी किती बोलते ते तू शेजारून बघ. परत आले नाही, तर हे तिच्या हातात दे. कसंही झालं तरी तुझी भरपाई होते, आणि माझ्यापेक्षा स्वस्तात. मला माझ्या सुडासाठी अख्खी वाडी कामाला लावावी लागली होती.

फक्त घाई करू नकोस. आधी तिला नोव्हेंबरमध्ये डब्लिनला ने आणि नळकांड्यात फुंकायला लाव. एकाहत्तरच्या खाली आली, तर मला सांगू नकोस. वर गेली, तर वॉर्डच्या दारातून ओरडून सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

शनिवारी दहाला ये, शिकवते. रस्त्यावरून ये, सगळ्या वाडीला दिसशील अशी, आणि दार ठोठावू नकोस.

तुझ्या भावाची बायको आणि त्या सकाळची एकुलती एक साक्षीदार,
नोरीन